पहिलं वळण

"काय भागोजीशेठ, बॉनेटात मोती पडला काय तुमचा?" चहाच्या टपरीवरून टेम्पोवाला विनोद ओरडला आणि चार माणसं हसली.

मी रझियाच्या नव्या गाडीत डोकं घालून स्टीअरिंगच्या ऑइलची बाटली शोधत होतो. ती सापडेना. हातखंब्याच्या नाक्यावर तीस वर्षं गॅरेज चालवतोय मी. स्टीअरिंग जड झालं तर ऑइल बघायचं, कुंई कुंई आवाज आला तर पट्टा, गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाकांची हवा. हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण इथे ना पंप, ना पट्टा, ना बाटली!

"काका, मधेच जड होतं. पिवळा दिवा पण लागतो," रझिया म्हणाली. ती जयगडकडच्या एका शाळेत शिकवते, नवरा बोटीवर असतो. तिच्या वडिलांची गाडीसुद्धा मीच सांभाळली. मागच्या सीटवर तिची सात वर्षांची इरम बसली होती.

नव्या गाड्यांत ऑइल नसतं, विजेची मोटर स्टीअरिंगला जोर देते, हे मी ऐकून होतो. माझी पुतणी वेदिका रत्नागिरीत सर्व्हिस सेंटरला आहे. "काका, रविवारी या, दाखवते," असं ती दोनदा म्हणाली होती. "आता पोरीकडून पाना धरायला शिकू काय?" असं मी तिला चारचौघांत बोललो होतो. आता तिला फोन करायला तोंड कुठे होतं?

"ऑइल कमी झालेलं. घातलं," मी म्हणालो. गाडी बंद करून चालू केली, तर दिवा विझलेला, स्टीअरिंग हलकं. देव पावला म्हटलं.

माझा एक नेम आहे, मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी घालून दिलेला. स्टीअरिंगचं काम केलं की गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचं आणि निवळीकडचं पहिलं वळण आपण घ्यायचं, एका बोटाने. रझिया सवयीने शेजारच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा.

"आज गुडघा दुखतोय गो. तूच जा," मी म्हणालो. गुडघ्याला काही झालं नव्हतं. मला भीती वाटत होती.

अर्ध्या तासात तिचा फोन आला. जयगड रस्त्याच्या वळणावर स्टीअरिंग दगडासारखं झालं आणि गाडी रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, आदळली. विनोदच्या टेम्पोतून मी धावलो. बंपर फुटला होता. इरमच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं आणि ती रडून रडून दमली होती.

"काका, ऑइल गळलं काय हो? माझंच चुकलं. आधीच आणायला हवी होती गाडी," रझिया म्हणाली.

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. हो म्हटलं असतं तर खपलं असतं. विनोदलाही कळलं नसतं. पण ते टेंगूळ माझ्या समोर होतं.

"तुझं नाय चुकलं. या गाडीत ऑइलच नसतं. मी काय्येक केलं नव्हतं. मला कळलंच नव्हतं, आणि लाजेपायी खोटं बोललो."

रझियाने इरमला जवळ ओढलं. विनोद रस्त्याकडे बघत राहिला.

मग मी सगळ्यांसमोर वेदिकाला फोन लावला. तिने मागचं काही काढलं नाही. "काका, आधी बॅटरीचं टर्मिनल हलवून बघा," एवढंच म्हणाली. टर्मिनल हातात गरागरा फिरलं. वीजच नीट पोचत नव्हती. ते आवळायला साधा दहा नंबरचा पाना लागला. "तरी गाडी इकडे आणा, मशीनला लावून बघते," वेदिका म्हणाली. "आणतो," मी म्हणालो, "आणि रविवारी शिकायला पण येतो."

गाडी चालू केली. दिवा विझला होता. मी शेजारचं दार उघडून धरलं.

रझिया इरमचा हात धरून गडग्याशीच उभी राहिली.

"आधी तुम्ही फिरवून आणा, काका," ती हळूच म्हणाली. "मग आम्ही बसू."

मी दार लावलं आणि एकटाच निघालो. शेजारच्या सीटवर इरमची पाण्याची बाटली तेवढी होती. वळण आलं. स्टीअरिंग एका बोटाने फिरलं असतं. मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.