बेदाणे वर येईपर्यंत

रूडी केत्तुनेनने नळीत फुंकर मारली आणि मशीन वाजलं.

"पुन्हा," त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या ब्रँट बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा वाजलं. रोज संध्याकाळी या कचेरीत यायचं, फुंकायचं, सही करून घरी जायचं, असं हिवाळाभर चाललं होतं आणि मशीनने कधी चकार शब्द काढला नव्हता. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल झालेली सहा महिन्यांची कैद न्यायालयाने एकाच अटीवर तहकूब ठेवली होती. थेंबही घ्यायचा नाही. घेतला की कैद.

"मी काही घेतलेलं नाही," रूडी म्हणाला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा तर खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं सगळं वाचल्याशिवाय घेत नव्हता.

"हे बघ रूडी," ब्रँट बाई आवाज उतरवून म्हणाल्या. या पोराचं नीट व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. "चुकून काही पोटात गेलं असेल तर आत्ता सांग. मी तसं लिहिते. न्यायाधीश बाई ऐकून घेतात."

सकाळपासून तो आईच्या छपरावर बर्फाने उचकटलेले पत्रे ठोकत होता. एक मेचा सण म्हणून दुपारी आईने लिंबाचं सरबत दिलं. एक पेला, मग दुसरा, आणि निघताना तिसरा. गावातल्या, फिनलंडहून येऊन वसलेल्या घरांत हे सरबत दरवर्षी होतं आणि शेंबड्या पोरांपासून सगळे पितात. पाणी, साखर, लिंबं, चिमूटभर यीस्ट आणि थोडे बेदाणे. बेदाणे तरंगून वर आले की सरबत झालं. यंदा सरोवरावरचा बर्फ हटता हटेना, घरही गारठलेलं.

"बेदाणे वरच येईनात मेले," आई म्हणाली होती. "मग साखर वाढवली आणि आठवडाभर शेगडीजवळ ठेवलं."

तिसरा पेला नाकाला झोंबला होता. रूडीला ते आत्ता आठवलं.

काचेच्या दारापलीकडे त्याची आई, आइली, बाकावर बसली होती. त्याचा परवाना गेल्यापासून तीच त्याला गाडीतून आणत होती. त्याचा बाप नशेत ट्रकसकट सरोवराच्या बर्फाखाली गेला, त्या दिवसापासून तिच्या घरात दारू आली नव्हती. तो शब्दसुद्धा नव्हता. ती नुसतं 'ते' म्हणायची. माझ्या उंबऱ्याच्या आत ते कधी आलेलं नाही, असं चर्चमधल्या बायकांना ताठ मानेने सांगायची. त्या ताठ मानेवरच ती इतकी वर्षं उभी होती.

"बोल ना," ब्रँट बाई म्हणाल्या.

त्याने दाराकडे पाहिलं, मग मशीनकडे.

"बिअर घेतली," तो म्हणाला. "साल्मीच्या बारमध्ये."

ब्रँट बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पोलीस शिपायाला हाक मारली.

बेड्या घालून त्याला बाहेर काढलं तेव्हा आइली उठून उभी राहिली. काय झालं ते शिपायाने तिला सांगितलं.

"बापावर गेलास," ती म्हणाली.

"शिडी आत घे, आई," रूडी म्हणाला. "रात्री पाऊस येईल."

सोमवारी त्याला न्यायाधीश बाईंसमोर उभं केलं. दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"बिअर घेतली हे कबूल आहे?"

"कबूल आहे."

"मग मला दुसरा इलाज नाही."

मागे बाक करकरलं. आइली उभी राहिली होती, रविवारचा काळा कोट घालून. तिला धीर द्यायला आलेल्या चर्चच्या दोघी बायका तिची बाही ओढत होत्या.

"तो खोटं बोलतोय," आइली म्हणाली. "दिवसभर माझ्या छपरावर होता. बारमध्ये जायला त्याला काय पंख फुटले होते?"

"आई, खाली बस."

"तू गप रे."

न्यायाधीश बाईंनी शिपायाला हातानेच थांबवलं.

"काल सरबताच्या एका बाटलीचं बूच उडालं," आइली म्हणाली. "छताला जाऊन आदळलं. मी वास घेऊन बघितला." ती थांबली. पुढचं बाक तिने दोन्ही हातांनी धरलं. "माझ्या नवऱ्याच्या कोटाला यायचा, तोच वास."

बाही धरलेल्या दोघी हात मागे घेऊन बसल्या.

"तुम्ही मुलाला काय दिलंत?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

रूडी तिच्याकडे बघून मान हलवत होता. नको, नको.

"दारू," आइली म्हणाली.

न्यायाधीश बाईंना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. आइलीने कोटाचं वरचं बटण सोडलं, श्वास घेतला आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं.