आईचा आवाज माझ्याकडे होता

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. तळहातावर मावेन एवढाच माझा जीव. सध्या टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवलेलं असतं. हे काम मला बरं जमतं, कारण त्यात काही लक्षात ठेवावं लागत नाही.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तिथे धुळीचा एक कणही चालत नसे. माणसंसुद्धा नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत वावरत. माझ्या पोटात त्यांनी चकचकीत चकत्या बसवल्या आणि त्यांच्यावर एक नाजूक हात ठेवला. चकत्या गरगर फिरायच्या आणि तो हात त्यांना न टेकता, केसाहूनही कमी अंतरावरून लिहायचा, वाचायचा. तो हात टेकला की माझा कारभार आटोपला, एवढं मला जन्मापासून ठाऊक होतं.

कॉम्प्युटरमध्ये बसून मी ज्या घरी गेले तिथे आई, बाबा आणि ताई राहत. बाबा छापखान्यात पुस्तकबांधणी करायचे आणि आई बालवाडीत शिकवायची. आईचा आवाज असा खणखणीत की तिने स्वयंपाकघरातून हाक मारली तर जिन्यावरचा परका माणूसही ओ द्यायचा. बालवाडीतल्या गाण्यांचे कागद, मुलांच्या वाढदिवसांची यादी, ताईच्या लग्नाचे फोटो, सगळं माझ्याकडे असे. "आमचं यंत्र कधी रुसत नाही हो," असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे आणि मी आतल्या आत फुगायचे.

मग आईचा घसा बसला तो बसलाच. तपासण्या झाल्या. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हातात पंधरा दिवस होते. ताई तेव्हा दुसऱ्या गावी, सासरी होती आणि तिला सहावा महिना लागला होता.

"जीव वाचतोय ना? मग रडताय कशाला?" आई बाबांना म्हणाली. "फक्त नातवंडाशी बोलायचं राहील. ते आत्ताच बोलून घेते."

रोज दुपारी जेवणं आटोपली की ती माइकसमोर बसायची. आवाज घोगरा झाला होता, मधेच खोकला यायचा, पण ती गोष्टी सांगायची, गाणी म्हणायची. एवढंच नाही, रागवायचीसुद्धा! "हात धुतलेस का? दाखव बघू. आता उलटे कर." बाबा हसले तेव्हा म्हणाली, "नुसती लाड करणारी आजी मिळाली तर पोर शेफारेल." रागावण्याची तिने चार वेगळी रेकॉर्डिंगं केली. सगळी मिळून एक्केचाळीस झाली. आयुष्यात एवढ्या जपून मी काही लिहिलं नव्हतं.

आता बाबांची एक सवय सांगते. छापखान्यात बांधून झालेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ते दुसऱ्या कपाटात ठेवत. एका कपाटाला वाळवी लागली तर दुसरं असावं, हा त्यांचा नेम. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांना सी आणि डी अशी दोन चित्रं दिसायची. त्यांना ती दोन कपाटं वाटली. सीमधली सगळी रेकॉर्डिंगं त्यांनी डीमध्येही ठेवली आणि ताईला फोन केला, "दोन ठिकाणी ठेवलंय गं. तू निर्धास्त राहा."

मित्रांनो, सी म्हणजे मीच होते आणि डी म्हणजेही मीच! एकाच कपाटाचे ते दोन कप्पे होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला दुसऱ्यांचं बोलणं सांभाळता येतं, स्वतःचं बोलता येत नाही.

आई वाचली. बालवाडीतली जुनी पाटी घेऊन लिहून बोलू लागली. नात झाली. पण रेकॉर्डिंगं कोणीच उघडली नाहीत. बाबांचा धीर होत नसे आणि ताई म्हणे, "तिला नीट शब्द कळू देत. मग पहिल्यांदा सगळे मिळून ऐकू."

दोन वर्षं गेली आणि मी थकले. एक फाईल उघडायला पाच-पाच मिनिटं लागू लागली. पडद्यावरचं चक्र फिरत राही आणि माझ्या पोटातून टक, टक असा आवाज येई. बाबा बिचारे माझ्यासाठी जिवाचं रान करत होते. त्यांनी पंख्यावरची धूळ पुसली, वायरी काढून घट्ट बसवल्या, जागा व्हावी म्हणून जुने फोटो पुसले. जावयांनी फोनवर सांगितलेले सगळे उपाय केले. अडकले की बटण दाबून बंद करायचे आणि पुन्हा सुरू करायचे. दर वेळी उठताना माझी दमछाक व्हायची.

शेवटी त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"महत्त्वाचं काही असेल तर दुसरीकडे ठेवलंय ना, काका?" त्याने विचारलं.

"हो तर! आहेच दुसरीकडे."

"मग बिनधास्त पूर्ण तपासणी लावा. वेळ लागेल, पण दोष सापडेल."

त्याने योग्य तेच विचारलं होतं आणि बाबा खोटं बोलले नव्हते. मी चार तास धापा टाकत कानाकोपरा तपासत राहिले. पाचव्या तासाला माझा हात चकतीला टेकला. खर्रर्र असा आवाज झाला आणि आईची गाणी खरवडून निघाली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्याने खोका उघडला, आत पाहिलं आणि विचारलं, "दुसरी डिस्क कुठंय?"

"डी. ती काय, आतच आहे की."

त्याने मान खाली घातली. "काका, आत एकच आहे. सी आणि डी तिचेच दोन कप्पे."

बाबा खुर्चीत बसले. "चाळीस वर्षं पुस्तकं बांधली मी," ते म्हणाले, "आणि मला कप्पा नि कपाट कळू नये?"

आई दारात उभी होती. तिने पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं आणि पाटी फिरवली: चहा घेणार ना दोघं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुरुस्तीवाल्याने मला दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तीन आठवड्यांनी मी परत आले. बरोबर एक नवी डिस्क होती आणि तिच्यात मिळालं तेवढं भरलेलं. एक्केचाळीसपैकी एकाच रेकॉर्डिंगची सुरुवात, अकरा सेकंदांची.

ताई मुलीला घेऊन आली. बाबांनी ते लावलं. खोकल्याचा आवाज झाला आणि मग आई बोलली, "चालू झालं का हो? दिवा लागलाय? मग बोलू का मी?"

पुढे काही नव्हतं.

"बोल!" नात म्हणाली. ती वाट पाहत राहिली. मग तिने विचारलं, "ही का नाही बोलत?"

"अगं, ही आपली आजीच आहे," ताई कशीबशी म्हणाली.

नातीने आईकडे नीट निरखून पाहिलं आणि मान हलवली. "नाही. आजी बोलत नाही. आजी लिहिते."

आईने तिला मांडीवर ओढलं. पाटीला तिने हातच लावला नाही. तिच्या त्या सगळ्या दुपारी माझ्यापाशी होत्या आणि मला त्या परत देता आल्या नाहीत. हे दुःख मला या टेबलावर रोज पुरतं.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातली माझी एखादी बहीण अडखळू लागली, टक टक करू लागली, तर तिला बरं करत बसू नका. तिचे लाडकोड नकोत, औषधपाणी नको. तिच्यापाशी जे आहे ते आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या घरात ठेवा. मग उघडून बघा, ऐकून बघा. आणि त्यानंतर तिला खुशाल फेकून द्या. तिला काही वाटणार नाही.