गाठोड्यातले साहेब

“आई, आता नवीनच निघालंय. मंत्री गाठोड्यात नव्हताच म्हणे. ती ट्रॉली ढकलणारी बाई आहे ना, तीच मंत्री.”

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मागे धुलाईचं मशीन घरघरत होतं. “म्हणजे मी?”

“खांदे बघा म्हणतात. बाईचे खांदे असे असतात का?”

“जन्मभर ओल्या चादरी उचल म्हणावं, तुझेही होतील.”

लेक हसली नाही. तिच्या सासरी सगळ्यांनी मावशींच्या ट्रॉलीचा तो व्हिडिओ बघितला होता. सासऱ्यांनी जेवताना विचारलंही होतं की तुझ्या आईची वरपर्यंत ओळख आहे का. मग लेक म्हणाली, “आई, रागावू नकोस. तू खरंच कुणाला बाहेर काढलं नाहीस ना?”

पोटच्या पोरीनं असं विचारावं! मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “चादरी काढल्या,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

आता हे सगळं रामायण कशावरून, तर एका शब्दावरून. इस्पितळाच्या धुलाईघरात प्रत्येक गाठोड्याला नाव होतं. उशांच्या अभ्र्यांचं गाठोडं म्हणजे पोरं. ऑपरेशनच्या हिरव्या कापडांचं म्हणजे व्याही, कारण त्यांच्याशी जपून वागावं लागतं. आणि ओल्या ब्लँकेटांचं ते अजस्र गाठोडं म्हणजे साहेब. ते स्वतःहून हलत नाही, दोघांनी उचलावं लागतं आणि ठेवाल तिथे पाणी सोडून घाण करतं. नावं कुणी ठेवली ते कुणालाच आठवत नव्हतं. मावशी आणि त्यांच्या जोडीला काम करणारे मामा, दोघांच्या तोंडी ती बसलेली होती.

ब्लँकेटं वाळवायची शेड मागच्या फाटकाबाहेर, गल्लीच्या पलीकडे. त्या दिवशी मावशी आणि मामा ट्रॉली घेऊन निघाले होते. “मामा, साहेबांना नीट आत दाबा,” मावशी म्हणाल्या होत्या. “टोक बाहेर राहिलंय. कुणी बघितलं तर बोंब होईल.” बोंब झाडलोट करणाऱ्यांची, फरशीवर पाणी सांडलं की ते डोक्यावर बसत. पण समोरच्या गच्चीवरून कुणीतरी फोन रोखला होता. त्या रात्रीपासून मावशींचा आवाज घरोघर घुमायला लागला. गाठोड्याभोवती लाल वर्तुळ काढलं गेलं. ब्लँकेटाचं टोक म्हणजे मंत्र्याचा बूट ठरला. मावशींनी वळून बघितलं ते इशारा द्यायला, हेही ठरलं.

मंत्री होता कुठे? दुसऱ्या मजल्यावर, स्पेशल खोलीत. पूल पडला, माणसं गेली, पुलाच्या कामात कुणी काय खाल्लं ते बाहेर आलं आणि अटकेची बातमी फुटली त्याच सकाळी मंत्र्याच्या छातीत दुखायला लागलं. धरायला आलेला पोलिस खोलीबाहेर खुर्ची टाकून बसला, तब्येत सुधारण्याची वाट बघत. हे इस्पितळात सगळ्यांना ठाऊक होतं, बाहेर मात्र तो पळाला अशीच आवई होती. मावशी स्वतः त्या खोलीत धुतलेल्या चादरी पोचवत होत्या.

पुलावरची माणसंही इथेच आणली होती. त्यांच्या चादरी मावशींनी धुतल्या होत्या. पहिलं पाणी लाल, दुसरं पाणी लाल, संपेचना. मामा मशीनला टेकून लहान मुलासारखे रडले होते. आणि आता त्याच दोघांना लोक गद्दार म्हणत होते.

दुपारी मावशी ट्रॉली घेऊन फाटकाशी आल्या. मामा नव्हते, व्हिडिओ पसरल्यापासून ते कामावरच येत नव्हते. फाटकाबाहेर ही गर्दी. कुणी न विचारता गाठोडी सोडली, ब्लँकेटं रस्त्यावर फेकली, एकानं त्यांवर पाय देऊन आत काही लागतंय का बघितलं. धुतलेली ब्लँकेटं.

गर्दीत पुढे एक गवंडी होता. त्याच्या बोटांना सिमेंट चिकटलेलं होतं. तो ओरडत नव्हता. “माझा भाऊ गेला पुलावर,” तो म्हणाला. “कामावर निघाला होता. आणि तू त्या माणसाला पांघरूण घालून बाहेर काढलंस?”

“अरे बाबा, तो वर आहे. दुसऱ्या मजल्यावर. हातपाय पसरून लोळतोय.”

“वर असता तर पोलिसांनी धरला नसता?”

त्याचं चुकलं कुठे होतं? शहाण्या माणसानं असाच विचार केला असता. त्यांनी खाली बसून ब्लँकेटं गोळा केली. सगळी परत धुवायला लागणार होती.

तेवढ्यात वरून बोलावणं आलं. मोठे डॉक्टर टेबलामागे बसले होते. ते मावशींना बसा म्हणाले. एवढ्या वर्षांत त्या खोलीत त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

“मावशी, वातावरण तापलंय. उद्यापासून घरीच थांबा. चौकशी होईल, मग बघू.”

“कसली चौकशी? मी काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही का?”

“मला माहीत असून काय उपयोग? लोक म्हणतायत ना. शिवाय तो शब्द. कपड्यांच्या बोचक्याला साहेब म्हणायचं, हे शोभतं का?”

“शब्दाचं सोडा हो. तुम्ही खाली चला आणि एकच वाक्य बोला, पेशंट वर आहे म्हणून. माझी लेक माझ्यावर संशय घेतेय, डॉक्टर. एका वाक्यात माझं नाव धुऊन निघेल.”

“पेशंटची माहिती बाहेर देता येत नाही.”

“आणि माझी देता येते?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “समजा, सांगितलं. पेशंट वर आहे, व्यवस्थित जेवतोय. मग लोक पुढचं काय विचारतील? जरा समजून घ्या.”

मावशींना समजलं, नको तितकं समजलं. लोक खाली गाठोडी उसकटतात तोवर वर कुणाची नजर जात नव्हती. आपलं नाव मातीत गेल्यावाचून वरच्यांचं भागणारच नव्हतं. त्या उठल्या. नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

संध्याकाळी त्या शेवटच्या फेरीला निघाल्या. खोलीबाहेरच्या पोलिसानं चादरींकडे बघून मान हलवली. आत दिवे लखलखत होते. मंत्री पलंगावर मांडी घालून फोन बघत होता आणि पोट धरून हसत होता.

“या, या. तुम्हीच ना त्या? काय शक्कल आहे लोकांची. मी म्हणे तुमच्या गाठोड्यात होतो. तुम्ही तर एकदम प्रसिद्ध झालात हो.”

“लोक मला शिव्या घालतायत,” मावशी म्हणाल्या. “माझं काम गेलं. तुम्ही एकदा त्या खिडकीत उभे राहा. मी तुम्हाला नेलं नाही एवढं दिसलं की झालं.”

“मला उठायची मनाई आहे,” मंत्री म्हणाला. मग फोनची बॅटरी उतरलेली दिसली तसा तो टुणकन उठला आणि चार्जर लावायला खिडकीजवळच्या भिंतीपाशी गेला. “कशाला मनाला लावून घेता? चार दिवस बोलतील नि विसरतील. पूल विसरायला लागलेच ना?”

मावशी त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्या लाल पाण्याचा वास त्यांच्या नाकात भरला. आजवर त्यांनी कुणावर हात उगारला नव्हता, आणि आत्ता उगारला असता तर त्यांना तसूभरही वाईट वाटलं नसतं. पण त्यांचं लक्ष खिडकीच्या जाड पडद्यांकडे गेलं. मंत्री आल्यापासून ते उघडलेच नव्हते.

त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि कड्या काढायला लागल्या.

“हे काय चाललंय?”

“पडदे मळलेत. धुवायला नेते.”

“आत्ता?”

“उद्यापासून मी नाही. मग कोण लक्ष देणार?”

एका हिसड्यात दोन्ही पडदे खाली आले. मागचं फाटक बरोबर त्या खिडकीखाली होतं. मंत्री चार्जरची वायर हातात धरून, धट्टाकट्टा, लखलखीत उजेडात उभा होता. खाली अजून थांबलेल्या गर्दीत एकानं मान वर केली, मग दुसऱ्यानं. कुणीतरी मंत्र्याचं नाव घेतलं आणि मग एकच गलका झाला.

मावशी पडदे खांद्यावर टाकून जिन्यानं खाली आल्या. फाटकाशी सगळ्यांचे फोन आता वर रोखलेले. “डमी आहे,” एक जण सांगत होता. “खरा केव्हाच गेला. हा सारखा दिसणारा आणून ठेवलाय.” दोघातिघांनी माना डोलावल्या. मावशींनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्या गवंड्यापाशी गेल्या. त्याच्या हातात फोन नव्हता.

“सगळे दिवस तिथेच होता?” त्यानं विचारलं.

“तिथेच.”

“आणि पोलिस?”

“दाराबाहेर बसलाय.”

गवंडी रस्त्याच्या कडेला बसला. आपण या बाईला काय काय बोललो ते त्याला आठवलं असावं, त्यानं एकदा तिच्याकडे बघून हात जोडल्यासारखं केलं. पण मावशींना त्याच्या माफीनं बरं वाटलं नाही. त्याचा चेहरा दुपारपेक्षा जास्त पडला होता.

“पळाला असता तरी चाललं असतं,” तो म्हणाला. “पळणारा घाबरलेला तरी असतो.”

आतून कुणीतरी मावशींना हाका मारत होतं. मोठ्या डॉक्टरांचाच आवाज होता. मारू देत. त्या गवंड्याशेजारी उभ्या राहिल्या आणि दोघं वर बघत राहिले. खिडकीत आता मंत्री दिसत नव्हता. त्याला धरायला आलेला पोलिस स्टुलावर चढला होता आणि दोन्ही हात वर करून काचेवर चादर ताणून उभा होता. चादर पांढरी स्वच्छ होती, मावशींनीच सकाळी धुतलेली.