उत्तरदाता क्रमांक एकेचाळीस

ग्रामीण भागातल्या रेडिओ श्रोत्यांवरच्या माझ्या पीएचडीला दोनशे मुलाखती हव्या होत्या. दीडशे मी खऱ्या घेतल्या. उरलेले पन्नास फॉर्म चंद्रपूरला घरीच पंख्याखाली बसून भरले. सगळेच भरतात. आरमोरीकडच्या एका गावाच्या नावावर मी झिंगू मडावी नावाचा माणूस तयार केला: वय बासष्ट, रोज रेडिओ ऐकतो, विधुर.

मग माझ्या मार्गदर्शक साधना मॅडमना पडताळणीची हुक्की आली आणि त्यांनी नेमका तोच फॉर्म उचलला. पदवी गेली असं समजूनच मी गाडीत बसलो.

झिंगू मडावी अंगणात मोहफुलं वाळवत होता. शेजारी रेडिओ चालू होता.

"या सर," तो म्हणाला. "लय दिवसानं आले."

मॅडमनी उत्तरं तपासली. सगळी जुळली. त्या खूश होऊन गाडीकडे गेल्या.

"एक इचारू का जी?" झिंगू हळूच म्हणाला. "तुमी फारम भरला तवा माही बायको जिती होती. त्याच हप्त्यात गेली. तुमी आधीच काऊन लिवलं?"

पदवी मिळाली. उरलेले एकोणपन्नास फॉर्म कपाटात आहेत. नमुन्यात विविधता हवी म्हणून मी त्यांत सतरा विधवा घातल्या होत्या.