दोन क्लॅम्प आणि एक तार

मी एक जुना टप आहे. पिकअपच्या उघड्या हौद्यावर छतासारखा बसवतात तसला, फायबरचा, पांढरा, एका कोपऱ्याला ठिगळ असलेला. मित्रांनो, माझी कहाणी गोड नाही आणि मी ती गोड करून सांगणारही नाही. ऑरिन नावाच्या माणसावर माझा राग आहे. तो जायचा नाही.

माझे पहिले मालक दोन मासेमार भाऊ होते. थंडीत दोघे माझ्या आत झोपत. त्यांच्या श्वासाची वाफ माझ्या छताला आतून गोठे आणि सकाळी ते हसत हसत ती खरवडून काढत. भाऊ थकले, गाडी विकली गेली आणि मी अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या एका जुन्या सामानाच्या वखारीत येऊन पडलो.

तिथे लिओना आली. सोबत तिचा नवरा ऑरिन. त्यांचे गुरांचे मोठे कुरण होते. दर शरदात, बर्फ पडण्याआधी, दोघे डोंगरात मुक्कामाला जात. पण लिओनाचे गुडघे गेले होते. तंबूत जमिनीवरून उठणे तिला जमेना, म्हणून दोन वर्षे ती घरीच राहिली होती. तिला एकदा तरी पुन्हा त्या डोंगरात जागे व्हायचे होते.

ऑरिनला शेजारचा ॲल्युमिनियमचा उंच टप आवडला. त्यात कपाटे होती, ओटा होता.

"मुक्कामाला जायचंय, संसार थाटायला नाही," लिओना म्हणाली. तिने माझ्या बिजागऱ्या हलवून पाहिल्या आणि आत आडवी होऊन पाय ताणले. "हा दोघांना उचलता येतो. दोन गाद्या, एक शेगडी, बस्स."

"म्हणजे शवपेटीची आत्तापासूनच सवय!"

"तू बाहेर झोप मग."

मला हौद्याला घट्ट धरायला चार क्लॅम्प लागतात. वखारीच्या मालकाने चारही दिले. ऑरिनने त्यातले दोन गोठ्याच्या मोडक्या फाटकाला लावले. मागच्या बाजूला त्याने मला गवताचे भारे बांधायच्या तारेने आवळले. त्या मुलखात ही रीतच आहे. फाटक, सायलेन्सर, चष्म्याची काडीसुद्धा तारेनेच बांधतात आणि वर मिशीला पीळ देतात.

निघताना लिओनाने विचारले, "चारही लावलेस ना?"

"लावले गं बाई. किती वेळा तेच?"

हे धडधडीत खोटे मी ऐकले. मला तोंड असते तर!

हमरस्त्यावर वारा आडवा आला. लिओनाने पाटी वाचली. "हलकी वाहनं थांबवा म्हणतायत, ऑरिन."

"माझी गाडी हलकी नाही."

तिसऱ्या झोतात तार तुटली. नुसत्या पुढच्या दोन क्लॅम्पना मी आवरेना. मी उडालो, माळावर दोनदा आपटलो आणि कुंपणाला जाऊन अडकलो. माझा कोपरा फुटला, मागची काच गेली. लिओनाची उशी काटेरी तारेवर फडफडत होती.

ऑरिन आला आणि त्याने मला लाथ घातली. "टिनपाट! हलकाच हवा होता ना तुला? घे आता!"

लिओना गुडघे धरत मागून आली. तिच्या हातात तुटलेली तार होती.

"चारही लावलेस ना?" तिने पुन्हा विचारले. ऑरिन काटेरी तारेवरची उशी सोडवायला वळला. मला हौद्यात घालून ते परतले.

त्याने मला गोठ्यामागे टाकले. हिवाळाभर कोंबड्या माझ्यावर घाण करत होत्या. येता-जाता तो मला शिव्या देई, जणू मीच त्याला फसवले होते.

वसंतात लिओनाने माझा कोपरा सांधला, काच बसवली. मग ती सरळ गोठ्याकडे गेली आणि फाटकाचे दोन्ही क्लॅम्प तिने सोडले. फाटक लोंबले, गाई रस्त्यावर निघाल्या.

"अगं, गाई!" ऑरिन ओरडला.

"तार आहे की तुझ्याकडे."

शरदात तिने एकच गादी अंथरली. तो दाराशी उभा होता. "आणि माझी?"

"घरात आहे," ती म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.

मला आनंद झाला, का लपवू? पण डोंगरातल्या पहिल्या सकाळी माझ्या छताला आतून वाफ गोठली ती फक्त अर्ध्या भागात. दुसरा अर्धा कोरा होता. लिओना त्या कोऱ्या भागाकडे बराच वेळ बघत पडून राहिली. मग ती उठली, शेगडी पेटवली आणि एकेक करून चारही क्लॅम्प तपासले.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, बांधायचे ते नीट बांधा, हे तर मी सांगणारच. पण कोणी विचारले, "चारही लावलेस ना?" आणि दोनच लावलेले असले, तर दोन म्हणा. लिओना उरलेले दोन लावेपर्यंत थांबली असती.