तिसरा अखेरचा दौरा

सोनाजीनं योगेशच्या मोबाईलवर पालथा पंजा ठेवला आणि गाणं मधेच दाबून टाकलं. पंजाखालून थोडा वेळ घुसमटलेली गिटार ऐकू आली, मग योगेशनंच ती बंद केली.

"काका, पूर्ण तर ऐका."

"काय ऐकू? झांजा कुठं हायेत ह्याच्यात? ड्रम वाजवून राहिला का पोते झटकून राहिला?"

वसमतच्या बस स्टँडसमोर रूपाबाईचं चहाचं हॉटेल आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर 'काळवीट' या रॉक बँडच्या दौऱ्यांचा न्याय होतो. बँड पुण्याचा, चौघंही साठी ओलांडलेले, आणि वसमतला आपल्यावर असा खटला चालू आहे याची त्यांना अजून कल्पना नाही. हळदीचा भाव काय निघेल यावर या गावातले लोक एक वेळ एकमत होतील, पण काळवीटचा शहाण्णवचा दौरा थोर की नंतरचा 'वापसी' दौरा, यावर होणार नाहीत. लोक म्हणजे तिघं.

त्यांतला सोनाजी मंडप आणि स्पीकर भाड्यानं देई. लग्न असो, जयंती असो, पार हट्टा गावापर्यंत त्याचेच भोंगे वाजत. भोंग्याजवळ नुसता कान नेऊन आत काय बिघडलंय हे सांगणारा माणूस म्हणून त्याला मान होता, आणि हा मान त्याला सगळ्यात जास्त तो स्वतःच देई. शहाण्णव साली काळवीट नांदेडला आलं तेव्हा तो स्टेजच्या स्पीकरला पाठ टेकवून उभा होता. त्यानंतर बँडनं जे जे केलं ते त्याच्या मते पाप होतं.

राधाकृष्ण राममंदिराच्या पुजाऱ्यांच्या घरातला, कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं, शहाण्णवला हे लोक नुसते ओरडत होते, पिकले ते वापसीत. शहाण्णवला तोही नांदेडला होता, पण मागं, भज्याच्या गाड्यापाशी. त्यामुळं सोनाजी त्याची साक्ष धरत नसे. योगेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो वापसी दौऱ्यानंतर या बँडच्या नादी लागला होता, म्हणून त्याला बोलायला परवानगी होती, मत नव्हतं.

"अखेरचा दौरा हाय काका," योगेश म्हणाला. "नांदेडला येऊन राहिलेत. मला दुकान सोडून जमणार न्हाई, पण तुमी जा."

"मागच्या टायमालाच अखेरचा व्हता ना?" रूपाबाईनं गाळणं आपटत विचारलं.

"तो दुसरा अखेरचा होता, रूपाबाई," राधाकृष्ण म्हणाला.

"माणसाला लाज पायजे. एकदा मेल्यावर मेलं पायजे."

"बराबर बोलल्या," सोनाजी म्हणाला. "हे बुढे काय वाजवणार? महाराज जातील टाळ्या वाजवाया. त्यांना घंटेची सवय हाय."

"आणि तुला भोंग्याची. तुला संगीत कशाला लागतं सोनाजी? तुला छातीत धडकी भरली की झालं. ट्रॅक्टर चालू करून बसत जा."

"मंग चाल. दोघं जाऊ. समोर उभं राहू, भज्यापाशी न्हाई. चांगलं झालं तर मी ह्या बँडवर पुना तोंड उघडणार न्हाई. बेकार झालं तर तू न्हाई उघडायचं."

"जन्मभर?"

"जन्मभर. तेवढीच रूपाबाईला शांती."

पैज मोडू नये म्हणून रूपाबाईनं दोघांना एकेक चहा फुकट दिला. राधाकृष्णला रात्री नीट झोप आली नाही. काळवीटवर बोलायचं नाही तर मग दिवसभर करायचं काय, हा प्रश्न त्याला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा पडला नव्हता.

नांदेडच्या मैदानावर ते ऊन उतरायच्या आत पोचले आणि पुढून चौथ्या रांगेत उभे राहिले. सभोवती त्यांच्या नातवंडांच्या वयाची पोरं. त्या पोरांकडं सोनाजी जसा पाहत होता, तसा तो एरवी फक्त चायनीज ॲम्प्लिफायरकडं पाहत असे.

बँड आला. गायकाचं पोट आधी आलं, मग गायक. पहिली दोन गाणी घसरली. सोनाजी प्रत्येक ओळीला "थुत्" म्हणत होता आणि राधाकृष्णला मनातल्या मनात कबूल करावं लागलं की थुत् जागच्या जागी पडत होतं. तिसऱ्या गाण्यापासून मात्र म्हातारे तापले. पाचव्याला राधाकृष्णचा पाय त्याच्या परवानगीशिवाय ताल धरू लागला.

शेवटी सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवली. दिवे मंदावले आणि ड्रमर एकटा उरला, पांढऱ्या केसांचा, चष्मा दोरीनं मानेला बांधलेला. त्यानं काठीचं टोक झांजेच्या कडेवर टेकवलं आणि हलकं, अगदी हलकं खेळवायला सुरुवात केली. समईच्या काठावर नख फिरवावं तसा बारीक आवाज निघाला, पसरत गेला, पण मोठा म्हणून झाला नाही. हजारो पोरं गप्प झाली. कुणीतरी खोकायला लागलं तर शेजारच्यानं त्याच्या तोंडावर हात धरला. राधाकृष्णच्या अंगावर काटा आला. आपण जिंकलो हे त्याला कळलं, आणि ते सोनाजीच्या तोंडावर पाहावं म्हणून तो वळला.

सोनाजी टाचा उंचावून स्टेजकडं पाहत होता.

"नुस्ती काठी हलवून राहिला," तो म्हणाला. "मारत काहून न्हाई?"

राधाकृष्णनं उत्तर तयार केलं. चांगलं झोंबणारं होतं. पण सोनाजीच्या कपाळावर आठी नव्हती, ओठ वाकडा नव्हता. तो प्रामाणिकपणे वाट पाहत होता, उशिरा येणाऱ्या एसटीची पाहावी तशी.

झांज थांबली. मैदान फुटलं. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली.

"सुरू करायच्या आधीच टाळ्या!" सोनाजी ओरडला. "काय पब्लिक हाय!"

राधाकृष्णनं ते उत्तर गिळून टाकलं.

मुक्काम राधाकृष्णच्या लेकीकडं, अनुश्रीकडं होता. सकाळी दोघं वसमतच्या बसमध्ये बसले. सोनाजी खिडकीशी बसून बँडची तेरवी घालत होता. आवाज मुका, झांजा मेलेल्या, ड्रमर तर निव्वळ सोंगाड्या. त्याच्या खिशातला मोबाईल वाजू लागला, कर्कश, पिपाणीसारखा. पुढच्या सीटवरची बाई मागं वळली. कंडक्टरनंही पाहिलं. सोनाजी सोंगाड्यावरच होता.

"भाऊ, फोन हाय तुमचा," बाई म्हणाली.

सोनाजीनं तिच्याकडं पाहून मान हलवली, आपलं म्हणणं तिला पटलंय असं समजून.

राधाकृष्णनं त्याच्या खिशाकडं बोट केलं. "खिशात काही थरथरतंय बघ."

सोनाजीनं फोन काढला तेव्हा तो वाजायचा थांबला होता. "पोरानं सायलेंटवर टाकून ठेवला असंल."

"असेल," राधाकृष्ण म्हणाला.

पुढच्या बाईनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि पदर सावरून समोर तोंड केलं.

योगेश आपल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून रूपाबाईच्या हॉटेलात त्यांची वाट पाहत बसला होता.

"काका, तो झांजांचा तुकडा! सगळीकडं व्हिडिओ फिरून राहिलाय. माझ्या तर डोळ्याला पाणी आलं. खरंच एवढा भारी होता?"

"कोणता तुकडा?" सोनाजीनं विचारलं.

"तो शेवटचा. एकटा ड्रमर, पूर्ण मैदान गप..."

सोनाजीचा ग्लास ओठापाशी थांबला. त्यानं राधाकृष्णकडं पाहिलं. योगेशनंही पाहिलं.

"कसला भारी," राधाकृष्ण म्हणाला. "थकलाय तो म्हातारा. झांजा गेल्याच. सोनाजी म्हणतो ते बराबर आहे. बेकार दौरा."

रूपाबाई चहा गाळता गाळता थांबली. योगेशनं मोबाईल पुढं केला. "पण काका, इथं तर साफ..."

"मोबाईलमध्ये आजकाल काहीही घालतात. तुला काय कळतं? वापसीनंतरचा तू. हरलो मी. आता माझं तोंड बंद."

एवढा विजय सोनाजीला आयुष्यात मिळाला नव्हता. इतक्या वर्षांत राधाकृष्ण त्याला एकदाही बराबर म्हणाला नव्हता. आज कोणता वार आहे यावरसुद्धा तो आधी नाही म्हणे आणि मग भिंतीकडं पाही. रूपाबाईनं हसायची तयारी केली.

सोनाजीनं मात्र करंगळी कानात घातली, फिरवली, बाहेर काढून पाहिली. करंगळीला काही नव्हतं. मग तो बराच वेळ चुलीकडं पाहत बसला. तिथं दूध वर येत होतं आणि रूपाबाई कुणालातरी काहीतरी सांगत होती.

मग तो उठला. खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून राधाकृष्णच्या शेजारी आणून टेकवली आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ बसला.

"शर्त मी जिंकलो ना?"

"हो."

"म्हंजे तू बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार."

"मोठा आला न बोलणारा." सोनाजीनं त्याचा ग्लास त्याच्यापुढून बाजूला सारला. "त्या बुढ्यानं काठी कुठून सुरू केली? मधून का कडंपासून?"

राधाकृष्णनं योगेशकडं पाहिलं, मग टेबलाकडं.

"कडेपासून," तो म्हणाला.

"मोठ्यानं," सोनाजी म्हणाला. "आन् सावकाश सांग. तुझ्यावानी गडबड त्यानं केली नसंल."