बारा फूट सरकलेला दगड

मित्रांनो, माथ्यावर लाल पट्टी ओढलेला, अर्धा जमिनीत आणि अर्धा बाहेर असा एखादा बुटका दगड तुम्ही पाहिला असेल. कुणी त्यावर बसून चपलेतला खडा काढतो, कुणी त्याला शेळी बांधतो. मी त्याच जातीचा, आता म्हातारा झालेला हद्दीचा दगड आहे.

मला घडवले एका पाथरवटाने आणि जागेवर आणले एका वयस्क मोजणीदाराने. उभ्या टेकडीखाली घर बांधायचे, तर नियम साधा होता. टेकडीची उभी बाजू जेवढी उंच, तेवढी जागा पायथ्यापासून मोकळी सोडायची. आमची टेकडी तीस फूट उंच. मोजणीदार काटेरी झुडपांत शिरले, टेपचे टोक थेट पायथ्याला लावले आणि तीस फुटांवर मला पुरले.

"हलू नकोस रे बाबा," मला थोपटत ते म्हणाले. "तुझ्या मागची जागा टेकडीची. तिला कधी पाय पसरावेसे वाटले, तर पसरू दे."

त्या दिवसापासून एका जागी उभे राहणे हेच माझे व्रत झाले. ऊन सोसले, पाऊस सोसला, शेळ्यांची शिंगेही सोसली. पण व्रत मोडले नाही.

माझ्यासमोर एक शिवणकाम करणारी बाई राहायला आली. नवरा नव्हता. होती ती सासू आणि एक धाकटा दीर. दीर गवंडी होता, हाताला मोठी सफाई. घर एवढेसे. मशीन, कापडाचे गठ्ठे आणि माणसे एकाच खोलीत. काजे-बटणे करणाऱ्या सासूला पाय लांब करायलाही जागा उरत नसे. म्हणून दिराने मागे एक खोली काढायचे ठरवले. आड येत होतो तो मी.

एका सकाळी तो पहार घेऊन आला.

"अरे, सरकारी दगड आहे तो!" सासू दारातून ओरडली. "हात लावू नकोस."

"आई, सरकार काय रोज येऊन त्याला नमस्कार करतंय का?"

"पण भाऊजी, नियम असेल ना काहीतरी," शिवणारी बाई म्हणाली.

"वहिनी, बारा फुटांनी टेकडीला काय कळणार आहे?"

तिघेही हसले. मित्रांनो, त्यांच्या मनात पाप नव्हते. आईला पाय पसरता यावेत, एवढेच होते. मला उपटले, बारा फूट टेकडीकडे नेऊन पुरले आणि माझ्या अलीकडे खोली उभी राहिली.

पुढे तपासणीला नवा मोजणीदार आला. तोवर जुने निवृत्त झाले होते. याने झुडपांकडे पाहिले, आपल्या बुटांकडे पाहिले आणि पायथ्यापर्यंत जाण्याऐवजी माझ्यावरच हात ठेवला.

"जुन्या माणसाने लावलेला दगड आहे. हा चुकायचा नाही," तो म्हणाला. खोली दगडाच्या अलीकडे, म्हणजे नियमात, असे त्याने लिहिले आणि नव्या नकाशात माझी नवी जागा पक्की केली.

आयुष्यभर ज्या कौतुकाची वाट पाहिली, ते मला मी खोट्या जागी उभा असताना मिळाले.

एका वर्षी आठवडाभर पाऊस लागला. माझ्या पाठीशी माती फुगू लागली, गढूळ पाणी झिरपू लागले. मला सगळे कळत होते, पण दगडाला तोंड कुठे असते? दुपारी शिवणारी बाई पुढच्या दारात गिऱ्हाइकाला झबले दाखवत होती. सासू मागच्या खोलीत पाय लांब करून बटणे लावत होती.

टेकडीने पाय पसरले.

मी गाडला गेलो. सासूही गेली. पुढच्या घराचे कौलसुद्धा हलले नाही. माती येऊन थांबली ती माझ्या जुन्या जागेला पोचायच्या दोन फूट आधी. जुन्या मोजणीदारांचे गणित तेवढे खरे होते.

महिन्याभराने दिराने मला उकरून काढले, छातीशी धरून जुन्या जागी नेले आणि पुरले. भावजय दारातून पाहत होती.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "आता टेकडीला कळलं का?"

तो खाली मान घालून मातीच चोपत राहिला.

नंतर कचेरीची माणसे आली. दीर पुढे झाला. "साहेब, दगड मी हलवला होता. त्याची खरी जागा हीच."

नवा मोजणीदार नकाशा चाळत म्हणाला, "तसं कागदावर नाही. दगड बारा फूट मागे पाहिजे. हलवलेला दगड आधी जागेवर न्या."

दोघा मजुरांनी मला पुन्हा उपटले.

आज मी त्या खोट्या जागीच उभा आहे, नकाशात बरोबर आणि जमिनीवर चूक. शेजारच्या घराला मागे खोली काढायची आहे. काल त्यांच्या मुली माझ्यावर बसून कोणता पलंग कुणाचा यावर भांडत होत्या. उद्या टेप येईल आणि माझ्यावरच टेकेल.

मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. काटे टोचले तर टोचू द्या, पण झुडपांत शिरा आणि टेकडीच्या पायापासून मोजा. आणि त्या मुलींपैकी कुणी तुमच्या ओळखीची असेल, तर तिला हे आजच सांगा.